एका घरचं विरजण

माझं काम सांगितलं की लोक जरा दयेनेच बघतात. यंत्र चालू केल्यापासून त्याच्या पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत आत जे काही घडतं, ते मी लिहिते. त्यापुढचं सगळं दुसऱ्यांचं. नाटकात पडदा ओढणाऱ्याला जेवढा मान, तेवढा मला ऑफिसात आहे. पडदा अडकला की मात्र सगळ्यांना पहिल्यांदा मीच आठवते.

आमची कंपनी पेट्या बनवते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी भिंतीवर बसवायची एक पांढरी पेटी, आणि तिच्या जोडीला गळ्यात घालायचं एक बटण. पडलं-झडलं, छातीत कळ आली, की बटण दाबायचं. पेटी ते ऐकते आणि आमच्या कंट्रोल रूमला कळवते. तिथल्या बाई आधी त्या घरी फोन करतात. फोन उचलला नाही की माणूस निघतो. आम्ही याला 'हाक' म्हणतो. बारा नंबरची हाक आली, माणूस गेला, अशी आमची भाषा.

आता प्रत्येक पेटीला स्वतःची ओळख लागते, म्हणजे एक लांबलचक गुप्त आकडा. तो आम्ही देत नाही. पेटी पहिल्यांदा जागी होते तेव्हा तिचा तिनेच काढायचा असतो, आणि तो जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पेटीसारखा असता कामा नये. म्हणजे आकडा रँडम हवा. गोम अशी, की यंत्राला मनाला येईल तसं वागताच येत नाही. सांगितलं तेवढंच करणारी जात ती. त्यामुळे आतल्या ऑपरेटिंग सिस्टमला बाहेरून थोडा गोंधळ गोळा करावा लागतो: कुणी कळा किती थांबून-थांबून दाबल्या, तारेतून काय खरखर आली, आणि त्या गोंधळातून मग आकडे घडवायचे. टेबलावरच्या कॉम्प्युटरला आपण सतत छळत असतो, म्हणून त्याला गोंधळाची ददात नसते. भिंतीवरच्या पेटीला कोण छळणार? पुरेसा गोंधळ जमेपर्यंत ती चार-चार मिनिटं मुकी बसायची.

वीज जाऊन आली की चार मिनिटं मुकी. म्हाताऱ्यांना वाटायचं बिघडली. ते प्लग काढून पुन्हा लावायचे, की पुन्हा पहिल्यापासून चार मिनिटं. तक्रारींनी साहेबांचं डोकं उठलं. ते मला म्हणाले, "दहा सेकंदांत उठली पाहिजे. कसं ते तुम्ही बघा."

उपाय जुनाच आहे, माझा नाही. पेटी चालू असताना थोडा गोंधळ एका फाइलमध्ये बाजूला काढून ठेवते, आणि पुढच्या वेळी उठताना तोच वापरून कामाला लागते. आमच्या धंद्यात या फाइलला सगळे 'बी' म्हणतात, पेरायचं असतं ते. मी जोडणी विभागात जाऊन तसंच सांगितलं: "भाऊ, आत एक बी फाइल आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा."

जोडणी विभाग म्हणजे पक्केभाऊ. चाळीस वर्षं स्क्रू पिळत आलेला माणूस. हातातलं काम पुरं झालं की स्वतःशीच "पक्कं" म्हणतात, म्हणून पक्केभाऊ. त्यांनी अर्धा तास मान खाली घालून शोधलं आणि वर बघून विचारलं, "बी आहे, पण ए कुठंय?"

मी हसून बेजार झाले. मग त्यांना समजेल असा शब्द शोधला. म्हटलं, "विरजण समजा. कालच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवतो ना आपण, आज लावायला? तसं." त्यांचा चेहरा उजळला. "मग असं बोला ना!" त्या दिवसापासून सगळ्या कारखान्यात त्या फाइलचं नाव विरजण पडलं. पेट्या दहा सेकंदांत उठायला लागल्या, साहेब खूश झाले, आणि मी माझ्या हुशारीवर आणखी खूश झाले.

माझ्या मावशीकडेही मी एक पेटी बसवून घेतली. मावशी ब्याऐंशीची, ठणठणीत, एकटी, आणि पेटीच्या सक्त विरोधात. "मी काय गाय आहे का गळ्यात घंटा बांधायला?" म्हणाली. मी डोळ्यांत पाणी आणून दाखवलं तेव्हा कुठे तयार झाली. त्याला दोन महिने झाले असतील.

त्या दिवशी सकाळी दहाला तिचा ऑफिसात फोन आला.

"तुमच्या त्या कंट्रोलवाल्या बाईंना जरा आवर घाल. सकाळपासून पाच फोन. आजी, बऱ्या आहात ना? आजी, पडला नाहीत ना? अजून पडले नाही, पण तिचा फोन घ्यायला धावताना नक्की पडेन."

"तू बटण दाबत असशील."

"मी नाही दाबलं."

"चुकून दाबलं जातं गं. भांडी घासताना ओट्याला टेकलीस, कुशीवर वळलीस..."

"ब्याऐंशी वर्षं मी माझ्याच कुशीवर वळतेय. मला शिकवू नकोस."

मी फोनवर हात ठेवून शेजारच्या टेबलांना म्हटलं, "आमच्या मावशीने पेटीला पिडायला घेतलंय." सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन. बटण गळ्यातून काढून, लोकरीच्या टोपीत गुंडाळून तिने कपाटात ठेवलं होतं, तरी बाईंचा फोन आला होता. मी म्हटलं, टोपीत दाबलं गेलं असेल. "बरं," मावशी म्हणाली. ती नुसतं 'बरं' म्हणते तेव्हा तिला काहीही बरं वाटलेलं नसतं, पण मी कामात होते.

तिसरा फोन पावणेअकराला. या वेळी तिच्या आवाजात राग नव्हता.

"हे बघ, मी सुरीने ते बटण उघडलं. आतला सेल काढून टेबलावर ठेवलाय, माझ्या डोळ्यांसमोर आहे. आणि आत्ता तिचा पुन्हा फोन येऊन गेला. मी दाबत नाही, हे तरी पटलं ना तुला?"

"पटलं."

"मग कोण दाबतंय?"

मी फोन न ठेवताच उठले.

कंट्रोल रूम दोन मजले खाली आहे. लिफ्टची वाट बघवेना, मी जिना उतरले. खाली बाई एकट्याच होत्या, कानाला फोन, समोर पडदा. त्या सकाळीही रोजच्यासारख्याच सौम्य होत्या. मी मावशीच्या पेटीची नोंद उघडायला सांगितली. पहिली हाक आठ पन्नासला. मग नऊ चारला, नऊ एकोणीसला, आणि अशीच दर दहा-पंधरा मिनिटांनी. प्रत्येकीसमोर बाईंनी नेटकेपणाने लिहिलं होतं: घरी सर्व ठीक, चुकून दाबले.

"आजी जरा विसराळू झाल्यात का?" बाईंनी मला हळूच विचारलं.

"आजींच्या बटणात सेल नाहीये," मी म्हटलं.

त्याच नोंदीत वर, दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेला, एक ओळ होती: पत्ता बदलला. ज्या दिवशी मावशीकडे पेटी बसली, तोच दिवस. आता नवी पेटी नवीन नोंदली जाते, तिचा पत्ता बदलेल कसा? बदलतो, जर ती ओळख आमच्याकडे आधीपासूनच असेल तर. कुणी घर बदललं आणि पेटी सोबत नेली, असं समजून आमची यंत्रणा जुना पत्ता पुसते आणि नवा लिहिते. जुना ठेवत नाही. हे असंच असावं असं एका बैठकीत ठरलं होतं, आणि मीही मान डोलावली होती.

म्हणजे याच ओळखीची दुसरी एक पेटी कुठल्या तरी घराच्या भिंतीवर होती. तिथे कुणीतरी पडलं होतं आणि दोन तासांपासून आम्हाला हाका मारत होतं. हाक आमच्यापर्यंत पोचत होती. आम्ही दर वेळी माझ्या मावशीला विचारत होतो, की तू बरी आहेस ना, आणि ती बरी होती.

पडद्यावर त्याच वेळी आणखी एक हाक उमटली. दहा अठ्ठावन्न.

मी आणखी खाली, तळमजल्यावरच्या जोडणी विभागात धावले. पक्केभाऊ एका पेटीचं झाकण लावत होते.

"भाऊ, तुम्ही पेट्यांत प्रोग्रॅम कसा भरता?"

"सांगितलंत तसाच. एक पेटी पुरती तयार करायची, दिवसभर चालवून बघायची, पक्की झाली की तिची नक्कल बाकी सगळ्यांत."

"चालवलेल्या पेटीची नक्कल?"

"मग काय न चालवलेलीची मारू? तपासायचं कशाला मग?"

"आणि ते विरजण?"

"ते जातंच की तिच्याबरोबर. म्हणून तर सगळ्या पटकन उठतात." माझा चेहरा बघून त्यांनी पेचकस खाली ठेवला. "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला. फोनवर. विरजण पेटीपेटीचं वेगळं लागतं, का एकाचं सगळ्यांना चालतं, म्हणून."

मला आठवलं. मी कुठल्याशा बैठकीला निघाले होते, एक हात दरवाज्यावर होता. मला वाटलं होतं ते नव्या मॉडेलसाठी वेगळी पद्धत लागेल का, असं काहीतरी विचारतायत.

"मी काय म्हणाले होते?"

"हसलात तुम्ही. म्हणालात, भाऊ, एका घरचं विरजण सगळ्या गल्लीला चालतं."

विरजण चालतंच. ते मागायला शेजारी जायचं असतं, कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, आणि दही सगळ्या घरांत सारखंच लागलं तरी कुणाची काही तक्रार नसते. माझ्या फाइलची पहिली अट मात्र हीच होती, की ती एकीची दुसरीला कधीही द्यायची नाही. पक्केभाऊंनी माझा शब्द जसा आहे तसा घेतला होता. शब्द मी आणला होता, आणि त्याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

सगळ्याच पेट्यांची ओळख एक निघाली असती तर पहिल्याच आठवड्यात बोंब झाली असती. पण उठताना प्रत्येक पेटीचं घड्याळ केसभर पुढे-मागे असतं, तेवढा फरक विरजणात मिसळतो. त्यामुळे बहुतेक पेट्या वेगळ्या निघाल्या. शेकड्यांत कुठेतरी एखादी जोडी अगदी एक निघाली, आणि कुणाला पत्ता लागला नाही.

"आता काय करायचं?" पक्केभाऊंनी विचारलं.

"तो माणूस शोधायचा."

"पत्ता नाही ना?"

"नाही."

ते मागच्या कपाटाकडे गेले आणि बुटांचे पुठ्ठ्याचे खोके बाहेर काढू लागले. पेटी पहिल्यांदा उठली की तिच्या छोट्या पडद्यावर ओळखीची शेवटची सहा अक्षरं दिसतात. बसवायला जाणारा माणूस ती एका चिठ्ठीवर उतरवतो, खाली पत्ता, फोन नंबर लिहून घरच्या माणसाची सही घेतो. सगळं कॉम्प्युटरवर असताना हा कागदांचा पसारा कशाला, म्हणून मी दोन वेळा लेखी तक्रार केली होती. भाऊंनी तो बंद केला नव्हता, नुसता कपाटाआड सरकवला होता.

मावशीच्या पेटीची सहा अक्षरं मी फळ्यावर मोठी लिहिली. तिच्या आधी बसलेल्या, त्याच नकलेच्या पेट्या म्हणजे पाच महिन्यांच्या चिठ्ठ्या. सतराशेच्या आसपास. मी, भाऊ, जोडणीतल्या दोघी बायका, असे चौघं जमिनीवर बसलो. साहेब खाली आले. सगळ्या ग्राहकांना फोनच करू या, म्हणाले. मी म्हटलं, करा, पण या वेळी निम्मी माणसं बाहेर असतात, निम्म्यांना ऐकू येत नाही, आणि जो पडलाय तो उचलणारच नाही. ते टाय मागे टाकून आमच्या शेजारी बसले आणि एक खोका ओढला.

चिठ्ठ्यांवरचं अक्षर म्हणजे दिव्य होतं. पाच की एस, शून्य की ओ, कळायला मार्ग नाही. बसवणाऱ्यांतल्या एकाने तर काही चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्या होत्या. मी वाचत होते आणि मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला सांगत होते, दाबत राहा, थांबू नका.

बाई दर हाकेला वरून फोन करत होत्या. अकरा अकराला आली. अकरा चोवीसला आली. आली म्हटलं की मला रडू यायचं, बरं वाटून. मध्येच मावशीचा फोन आला. तिला मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या नावावर कुणीतरी हाका मारतंय?"

"हो गं."

"आणि मी दर वेळी सांगितलं, मी मजेत आहे."

"तुझी काय चूक?"

"चूक कुणाची ते नाही म्हणत मी," मावशी म्हणाली. "मी मटार सोलत होते गं त्या वेळी."

अकरा एकोणचाळीसला आली. त्यानंतर अकरा पन्नास झाले, बारा झाले. फोन वाजला नाही. मी वर फोन केला. बाई म्हणाल्या, "नाही हो, अजून नाही." आम्ही कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतो. चिठ्ठ्या उलटण्याचा आवाज तेवढा चालू होता. बारा वाजून सहा मिनिटांनी मावशीने पुन्हा फोन करून विचारलं, आली का. मी नाही म्हटलं.

"दमला असेल," ती म्हणाली. "हात भरून आला असेल त्याचा. तू शोध."

सव्वाबाराला पक्केभाऊंनी एक चिठ्ठी उजेडाकडे धरली. फळ्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे.

"पक्कं?" मी विचारलं.

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

दातांचे डॉक्टर होते, निवृत्त, सत्त्याहत्तर वर्षांचे. घर आमच्या ऑफिसपासून गाडीने बारा मिनिटांवर. आमचा माणूस गेला तेव्हा दार आतून बंद होतं, ते तोडावं लागलं. डॉक्टर न्हाणीघराच्या उंबऱ्यात आडवे होते, खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ निळे पडलेले, पण शुद्धीवर. बटण त्यांच्या मुठीतून सुटून हातभर लांब गेलं होतं आणि तेवढंही त्यांना सरकता येत नव्हतं. साडेतीन तास ते तिथे होते. आमच्या माणसाने नंतर सांगितलं, की त्याला बघून ते रागावले नाहीत. म्हणाले, "आज बऱ्याच लोकांनी बोलावलं का हो तुम्हाला?"

डॉक्टर वाचले. ऑपरेशन झालं, पुढे कुबड्यांवर चालू लागले. त्या दुपारी कारखान्यात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "शोधून काढलंत, शाबास." मला ती शाबासकी अंगावर घाण पडल्यासारखी वाटली. मी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, की विरजणाचं उत्तर माझं होतं, पक्केभाऊंनी विचारून केलं होतं, आणि लेखी अहवालात तसंच येईल. भाऊ मान खाली घालून चिठ्ठ्या खोक्यात भरत राहिले.

कामं पुष्कळ होती. प्रत्येक पेटीने आपली ओळख नव्याने काढावी, आणि या वेळी हवी तेवढी मिनिटं घ्यावीत, असा प्रोग्रॅम मी संध्याकाळच्या आत लिहून पाठवला. तोवर बाई सगळ्या नोंदींत 'पत्ता बदलला' असं कुठे कुठे आहे ते काढत होत्या. मावशीची सोडून एकोणीस निघाल्या. त्यातल्या सहा जणांनी खरोखर घर बदललं होतं. उरल्या तेरा जोड्या. तेरा घरांतली माणसं दिवसाढवळ्या हाक मारत असती आणि ती दुसऱ्याच दारात पोचली असती. त्या तेरांच्या चिठ्ठ्या आम्ही शोधल्या, त्यांना फोन केले. अकरा जणांनी उचलला. एक जण मुलीकडे राहायला गेले होते. तेरावा फोन कुणी उचलेना.

मी त्या तेराव्या पेटीच्या नोंदी उघडल्या. पाच आठवड्यांपूर्वीचा एक दिवस होता. सकाळी सात दहापासून हाका. समोर तेच, घरी सर्व ठीक, चुकून दाबले. घर अर्थात दुसऱ्याच कुणाचं होतं, एका जोडप्याचं, त्यांनी दर वेळी फोन उचलून आपण ठीक असल्याचं सांगितलं होतं. शेवटी एक निराळी ओळ होती: पेटी गप्प केली. एका दिवसात दहाच्या वर खोट्या हाका आल्या की ती पेटी दोन दिवस ऐकायचीच नाही, असा कंट्रोल रूमचा नियम आहे. नाहीतर खऱ्या हाका मागे राहतात. त्या ओळीनंतर नोंद कोरी होती.

चिठ्ठीवर एका बाईंची सही होती, थरथरत्या हाताची. खाली मुलाचा नंबर.

साहेबांनी ते पडद्यावर वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ठीक असतील. कुठे गेल्या असतील." आणि थोड्या वेळाने, "आणि नसल्या ठीक, तर आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?" ते वाईट माणूस नाहीत. मला त्यांच्याशी भांडायचं त्राण नव्हतं. म्हटलं, फोन मी करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केला. पक्केभाऊ समोर येऊन बसले, मी बोलावलं नव्हतं तरी. मुलगा दूर कुठेतरी शाळेत शिकवतो. कंपनीचं नाव ऐकताच तो म्हणाला, "पेटी परत न्यायची राहिली ना? सॉरी हो. आईचं घर आवरायला मला अजून जमलेलंच नाही."

"आई..."

"पाच आठवडे झाले. तुम्हाला कळवायला हवं होतं."

मी काहीतरी पुटपुटले. त्याला बोलायचं होतं, बोलू दिलं.

"चांगली होती हो तुमची पेटी. खरं सांगू का, त्या पेटीनेच मला सावरलं. तीन दिवसांनी शेजाऱ्यांनी दार उघडलं, तर आई पलंगाशेजारी खाली होती. माझ्या डोक्यात एकच, की किती वेळ पडून राहिली असेल, कितीदा कुणाला बोलावलं असेल. झोप लागत नव्हती मला. मग बायको म्हणाली, अरे, बटण गळ्यातच होतं त्यांच्या. त्रास झाला असता तर दाबलं नसतं का? आणि तुमच्याकडून काही निरोप नव्हता. म्हणजे पडली आणि त्याच क्षणी गेली. तिला काही कळलंसुद्धा नसेल. नाही का?"

'हो' म्हणून फोन ठेवता आला असता. तसं करणं त्याच्यासाठी दयेचं झालं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्यासाठी ते फार सोयीचं होतं, एवढं मात्र मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि म्हणून जीभ वळेना. भाऊंनी डोळे मिटून घेतले होते.

"त्यांनी दाबलं होतं," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. दोन पेट्यांची एक ओळख कशी झाली, हाक कुठे गेली, चूक कुणाची होती, माझं नाव, माझा हुद्दा. त्याच्या मागे शाळेची घंटा वाजली आणि पोरांचा गलका ऐकू आला, तो बराच वेळ चालू राहिला. मला वाटलं त्याने फोन ठेवला.

"किती वेळा?" त्याने विचारलं.

"अकरा," मी म्हटलं. "त्यानंतर आम्ही मोजणं बंद केलं होतं."